ज्याचा त्याचा महिना

प्रश्न : यजमानांच्या बदलीमुळे आम्ही नागपूरहून साताऱ्यात राहायला आलो आहोत. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. सासूबाई शहात्तरच्या, त्यांचे गुडघे दुखतात. इथं ओळखीचं कुणी नाही. रविवार उजाडला की एक तर हॉटेल, नाही तर चौघांच्या हातात चार मोबाइल. वर्षभर जवळपास कुठं कुठं जावं याची यादी द्याल का? आमच्याकडे गाडी नाही आणि खर्चही बेताचाच झेपेल.
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, यादीच्या आधी घरात एक कालनिर्णय टांगा. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा महिना आहे. तो चुकला तर जागा दिसते, पण भेटत नाही. कास पठाराचंच बघा. मे महिन्यात तिथं जांभा दगड आणि वाळलेलं गवत एवढंच असतं. भाद्रपदात त्याच दगडावर सीतेची आसवं, तेरडा, गेंद अशी फुलं पसरतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. मुलीला आत्ताच सांगून ठेवा, पुढच्या बहराला ती केवढी असेल याचा हिशेब ती स्वतः करत बसेल. कासला जायचं तर नोंदणी आधी करा, कारण रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते. आणि शनिवार-रविवार टाळा. शाळेची एक दिवसाची रजा गेली तरी हरकत नाही, हे मी शाळेत उभा जन्म काढलेली बाई म्हणून सांगते.

गाडी नसल्याचं मनाला लावून घेऊ नका. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना प्रवास फुकट, आणि मुलीला अर्धं. सासूबाईंचं आधारकार्ड तेवढं पिशवीत असू द्या.

उन्हाळ्यात लिंब गावाला जा, बारामोटेची विहीर बघायला. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत विरूबाईंनी ती बांधून घेतली, आमराईला पाणी मिळावं म्हणून. विहिरीच्याच पोटात कमानीवर एक छोटा महाल आहे. बाहेर ऊन रणरणत असतं, आत पाच पायऱ्या उतरलात की अंग निवतं. मुलांना वर धक्क्यावर उभं करा आणि मोट म्हणजे काय ते सासूबाईंना सांगू द्या. नाडा कुठून यायचा, बैल उताराला लागले की मोट कशी वर यायची, पाणी थारोळ्यात कसं पडायचं, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे अशी ही शेवटची पिढी. अशा बारा मोटा एका वेळी चालायच्या. त्यांना खाली उतरायला लावू नका. वर सावलीला बसूनच त्यांचं सांगणं जास्त रंगेल.

आषाढीच्या आधी माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते. लोणंद आणि तरडगावच्या मध्ये चांदोबाचा लिंब आहे, तिथं पहिलं उभं रिंगण होतं. गर्दी प्रचंड असते, म्हणून सासूबाईंना घेऊन रिंगणाच्या मागं लागू नका. लोणंदच्या मुक्कामी जा. वारकऱ्यांना पाणी द्या. मुलगा तयार असेल तर एखाद्या म्हाताऱ्या माळकऱ्याचे पाय चेपू द्या, कुणी नको म्हणत नाही. या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आपल्या सातारा तालुक्यातल्या आरफळचे, हेही त्याला सांगा. नव्या गावाशी नातं लागायला अशी माहिती उपयोगी पडते.

दसऱ्याला जलमंदिर राजवाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक पोवई नाक्याला येते. ती तर घराजवळच आहे. पौषात कराड तालुक्यातल्या पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न असतं. तारळी नदीच्या दोन्ही काठांवर भंडाऱ्यानं माणसं पिवळीधमक होतात. ऐन मुहूर्ताला मात्र आठ वर्षांच्या मुलीला नेऊ नका. चार दिवसांनी जा, देवही निवांत भेटतो आणि भंडारा डोळ्यांतही जात नाही. माघात रामदास नवमीच्या सुमारास सज्जनगड. पायऱ्या आहेत, तेव्हा सासूबाईंना विचारून ठरवा.

आता मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते. कुणी ओळखीचं नाही, असं तुम्ही लिहिलंत. नुसतं बघायला गेल्यानं ओळखी होत नाहीत, हातात काम घेतलं की होतात. थंडी सरायला लागली की आमच्या वाईत कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव सुरू होतो. नदीचे घाट सात आणि प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा, एकामागून एक. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं आमच्याकडे सांगतात. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती बसते, कीर्तन, हळदीकुंकू, आणि महाप्रसादाच्या पंगती.

त्या पंगतीच्या दिवशी या. मांडवात जो माणूस सर्वांत घाईत दिसेल त्याला विचारा, "काका, वाढायला हात हवेत का?" हात नेहमीच हवे असतात. मुलीच्या हाती मिठाचं भांडं येईल, कारण पानात पहिलं मीठ. मुलाला पाण्याचा जग देतील. दुसऱ्या पंगतीला त्याला भाताचं घमेलं मिळेल, आणि "इकडं, इकडं!" अशा हाका ऐकत तो पळत सुटेल. तुम्हाला वरणाची बादली. सासूबाईंना निवडणं-चिरणं करणाऱ्या बायकांत बसवा. वाटाणे सोलता सोलता दोन तासांत त्यांना सगळ्यांची माहेरं कळतील. शेवटची पंगत वाढप्यांची. त्या पंगतीत बसलात की तुम्ही पाहुणे राहिला नाहीत. पुढच्या वर्षी तेच काका फोन करून बोलावतील.

त्याच फेरीत ढोल्या गणपती बघून घ्या. १७६२ चं हे देऊळ. मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर त्यावर दुभंगून जावा म्हणून. मुलांना पुढून नमस्कार करू द्या, पण मागं जरूर न्या. मेणवलीही अगदी जवळ आहे. तिथल्या घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा आहे.

महिन्याला एक बेत पुरे. बाकीचे रविवार मुलांना लोळू द्या.

प्रश्न : नातवंडं पुण्याहून रंगपंचमीला येणार आहेत. त्यांना बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच शिडाला टांगून बैलांनी ओढायचा लाकडी गाडा, दाखवायची फार इच्छा आहे, पण सूनबाई घाबरते. न्यावं का?
— एक आजोबा, वाई तालुका

उत्तर : न्या, पण सूनबाईंची भीतीही खोटी नाही. बैल बिथरले तर पळायला जागा लागते. बगाड कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून शिवारातून गावात येतं. ज्या बांधावरून वाट दिसते पण जो वाटेला लागून नाही, असा उंच बांध सकाळीच धरा. धाकट्याला खांद्यावर घ्या, थोरल्याचा हात सोडू नका. बैलजोड्या बदलायला बगाड थांबतं तेव्हाही पुढं जाऊ नका. खरी धावपळ तेव्हाच असते.

आणि मुलं आदल्या आठवड्यात येऊ शकली तर होळी पौर्णिमेला भैरवनाथाच्या देवळात न्या. त्या दिवशी कौल लावून बगाड्या, म्हणजे शिडाला टांगायचा माणूस, ठरतो. नवस बोललेले लोक रांगेनं बसलेले असतात आणि सारं गाव श्वास रोखून उभं असतं. तो दिवस पाहिलेल्या मुलाला शिडाच्या टोकाला लटकणारा माणूस म्हणजे तमाशा वाटत नाही. त्याचं नाव, त्याचा नवस त्याला ठाऊक असतो. सूनबाईंनाही त्याच दिवशी न्या.

प्रश्न : औंधच्या संगीत महोत्सवाला मुलांना घेऊन गेलो तर ती कंटाळतील का?
— एक वाचक, कराड

उत्तर : पूर्ण वेळ बसवलंत तर कंटाळतील. १९४० साली अंतुबुवा जोशींनी शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव आहे. आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास होतो, म्हणजे कोजागरी नुकतीच झालेली असते. एक गायक ऐका, मग मुलांना बाहेर सोडा. दिवस त्यांच्यासाठी राखा. यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे. औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभं केलं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेतच, आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. एवढ्याशा गावात ते कसं आलं, हा प्रश्न मुलांना पडू द्या. उत्तर लगेच देऊ नका. संग्रहालय संध्याकाळी बंद होतं, म्हणून आधी ते पाहा, मग गाणं. रात्री परतायचं असेल तर गाडीची सोय आधी बघून ठेवा.