आधी खोली, मग लगेच काम, आणि पहिल्या पगारापर्यंतचा महिना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या गटाकडे थोडा निधी जमलाय, बेघर माणसांसाठी टिकेल असं काही करायचंय. तर कौशल्य प्रशिक्षणाचा वर्ग काढावा की राहायची सोय करावी? आणि खोली दिली तर माणसं आयतं मिळतंय म्हणून हातपाय हलवणं सोडून देतील का?

मी आधी निवारागृहात आणि नंतर बेघरांना कामं मिळवून देण्याच्या बाजूला काम केलंय. त्या जोरावर सरळच सांगते, वर्ग काढू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको.

या सगळ्या भानगडीत वर्ग हाच सगळ्यात सोपा भाग आहे. फळा, खुर्च्या, शिलाई मशीन, फीत कापतानाचा फोटो, शेवटी प्रमाणपत्रवाटप. देणगीदारांना दाखवायला काहीतरी हातात राहतं, म्हणून जो तो वर्गच काढतो. वर्गात येऊन बसलेला माणूस रात्री कुठे झोपला होता, हे मात्र हजेरीपटावर येत नाही. उघड्यावर झोपणारा माणूस सलग कधी झोपतच नाही. बूट डोक्याखाली, फोन आणि कागदपत्रं पोटाशी बांधलेली, कान सतत उघडे. कधी पोलीस उठवतात, कधी पाऊस, कधी पिशवी चाचपणारा कुणाचा तरी हात. सकाळी नऊला तो वर्गात पेंगायला लागतो आणि शिक्षक त्याच्या नावापुढे 'शिकण्यात रस नाही' असा शेरा मारून मोकळे होतात. असे शेरे मी चिकार वाचलेत.

निवारागृह असलं की हा प्रश्न सुटतो असंही नाही. बहुतेक ठिकाणी रात्री दार ठरल्या वेळी बंद होतं आणि सकाळी सगळ्यांना बाहेर काढतात. आता समजा एखाद्याला दुसऱ्या पाळीचं काम मिळालं. पाळी सुटते दहाला, दार बंद होतं नऊला. म्हणजे नोकरी लागली आणि त्यापायी डोक्यावरचं छप्पर गेलं! रात्रपाळी असेल तर आणखीच पंचाईत, कारण दिवसा झोपायला जागा कुठे? त्यात सामान कुठे ठेवायचं हा वेगळाच घोळ. दोन बोचकी खांद्याला लावून मुलाखतीला गेलेला माणूस साहेबापर्यंत पोचतच नाही, त्याला वॉचमनच परत पाठवतो. म्हणून जिथे जिथे नुसतं कुलपाचं कपाट आणि अंघोळीची सोय झाली, तिथे लोक कामाला टिकायला लागलेले मी पाहिलेत. तुमचा निधी अगदीच तोकडा असेल तर सुरुवात तिथून करा, प्रशिक्षणापेक्षा ते स्वस्तही पडतं.

आता 'आधी घर' या विचाराबद्दल. हा काही भाबड्या समाजसेवकांच्या डोक्यातून निघालेला नाही. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने 'पाथवेज टू हाउसिंग' सुरू केलं. तोवरची रीत जिना चढण्यासारखी होती: आधी दारू सोड, मग औषधं नियमित घे, मग गटात नीट राहून दाखव, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर घर. बहुतेक लोक मधल्याच कुठल्या तरी पायरीवरून घरंगळायचे. त्सेंबेरिसने क्रम उलटा केला. रस्त्यावर राहणाऱ्या, मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही असलेल्या माणसांना अटी न घालता आधी स्वतंत्र घर दिलं आणि उपचारांची मदत दारापर्यंत नेली. घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा लोकांपैकी साधारण 80 टक्के घरात टिकून राहिल्याचं दिसलं. आणि ज्यांच्यावर आधी व्यसन सोडण्याची अट होती, त्यांच्यापेक्षा यांचं व्यसन वाढलेलंही नव्हतं.

कॅनडाने पुढे हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं. 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली: एका गटाला आधी घर, दुसऱ्याला नेहमीच्या सेवा. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले 62 टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, दुसऱ्यातले 31 टक्के. फिनलंडने 2008 पासून ते थेट सरकारी धोरणच केलं. निवारागृहांतल्या खाटा काढल्या आणि त्याच इमारतींमध्ये स्वतंत्र सदनिका केल्या. हेलसिंकीत 2008 मध्ये अशा पाचशेवर खाटा होत्या, 2016 पर्यंत पन्नासच्या आसपास उरल्या. राहणारा माणूस तिथे पाहुणा नसतो, भाडेकरू असतो. करार त्याच्या नावाचा, भाडं तो भरतो, कमी पडलं तर सरकारी मदत मिळते. त्या मदतीला कात्री लागली तशी 2024 मध्ये तिथली बेघरांची संख्या बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाढली. म्हणजे एकदा घरं वाटली आणि विषय संपला, असं हे काम नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग झालं की, खोल्या घेऊ या. पण थांबा. घर मिळालं की काम आपोआप मिळतं, असं अजिबात नाही. घरामुळे माणूस घरात टिकतो. नोकरीचं प्रमाण नुसत्या घराने फारसं हलत नाही. उलट पहिले काही महिने तो काम शोधण्याच्या मनःस्थितीतच नसतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. एक काका खोलीत गेल्यावर कित्येक दिवस पलंगावर झोपलेच नाहीत. दाराला पाठ लावून जमिनीवर, पिशवी उशाला, दिवा चालू. दिवसा जुन्या जागी जाऊन बसायचे, कारण ओळखीची माणसं तिथे होती आणि खोलीत बोलायला कुणी नव्हतं. आमच्यातल्या एका नव्या कार्यकर्त्याला वाटलं, यांना खोलीची किंमतच नाही. तसं नव्हतं. इतकी वर्षं जागं राहून जगलेल्या शरीराला आता कुणी उठवणार नाही हे पटायलाच वेळ लागतो. तेवढा वेळ द्यावा लागतो आणि त्या काळात आठवड्यातून दोन-तीनदा कुणीतरी दार ठोठावून 'कसं काय' विचारावं लागतं. खोली दिली आणि पाठ फिरवली, तर माणूस कुलूप लावून जुन्या जागी निघून जातो. मग लोक म्हणतात, बघा, सांगितलं होतं.

कामाच्या बाबतीतही क्रम उलटाच लागू पडतो. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांसाठी एक पद्धत बसवली. तिचं सार एवढंच की सहा-आठ महिने 'तयारी' करून घेत बसू नका. माणूस काम करायचं म्हणाला की लगेच बाजारातली खरी, पगाराची नोकरी शोधा आणि शिकवायचं ते कामावर असताना शिकवा. नेहमीच्या प्रशिक्षण योजनांच्या तुलनेत या पद्धतीने नोकरीला लागणाऱ्यांचं प्रमाण साधारण दुप्पट भरलं. मला यात नवल वाटत नाही. आपण सगळेच काम कामावर शिकलो. बेघर माणसाकडूनच आधी प्रमाणपत्राची अपेक्षा का?

शिवाय अनेकांना काम येत असतंच, हे विसरू नका. रस्त्यावर आलेल्यांत गवंडी, स्वयंपाकी, ड्रायव्हर, शिंपी, हिशेबनीस असतात. त्यांना काम नव्याने शिकवायचं नसतं. त्यांचं ओळखपत्र हरवलेलं असतं, बँक खातं बंद पडलेलं असतं, फोन नंबर चार वेळा बदललेला असतो, आणि अर्जातल्या 'पत्ता' या रकान्यात लिहायला काही नसतं. पत्त्याशिवाय ओळखपत्र नाही, ओळखपत्राशिवाय खातं नाही, खात्याशिवाय पगार नाही. हा गुंता सोडवायला कचेऱ्यांचे खेटे घालणारं एक चिवट माणूस लागतं. तुमच्या गटात निवृत्त सरकारी कर्मचारी असेल तर त्याला आधी पकडा. तो दहा प्रशिक्षकांना भारी पडेल.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माणसं हातून निसटतात ती कामावर रुजू झाल्यापासून पहिला पगार हातात पडेपर्यंतच्या महिन्यात. या महिन्याची तरतूद जवळजवळ कुणीच करत नाही. विचार करा, कालपर्यंत हा माणूस दिवसाच्या दिवसाला कमवत होता. भंगार वेचून, ओझी उचलून, कुठे तरी हात पसरून. संध्याकाळी खिशात काहीतरी असायचं. आज तो नोकरीला लागला आणि त्याची रोजची मिळकत बंद झाली. पगार महिनाअखेरीस. तोवर जायचं-यायचं भाडं, दुपारचं जेवण, कामाला चालतील असे बूट, दाढी, फोनचं रिचार्ज, हे कुठून आणायचं? तो उसनं घेतो, तेही अशा माणसाकडून जो व्याज रोज मोजतो. किंवा एक दिवस दांडी मारून जुन्या कामाला जातो. दोन दांड्या झाल्या की मालक काढून टाकतो. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच की नोकरी लावून दिली तरी टिकला नाही.

म्हणून निधीतला पहिला मोठा वाटा खोलीच्या भाड्याला आणि दुसरा या महिन्याला ठेवा. जमलं तर मालकाशी बोलून पहिले काही आठवडे पगार आठवड्याला द्यायला लावा. छोटे मालक ऐकतात, मोठ्या कंपन्यांत ते बसत नाही. नाहीतर तुम्ही रोख द्या. रोख म्हटलं की सभेत लगेच कुजबुज सुरू होते, दारूत उडवतील म्हणून. व्हँकुव्हरमध्ये 2018 साली एक प्रयोग झाला: 50 बेघर लोकांना प्रत्येकी 7,500 कॅनेडियन डॉलर एकरकमी, कुठलीही अट न घालता दिले. वर्षभरात ते पैसे न मिळालेल्या गटापेक्षा सरासरी 99 दिवस कमी बेघर राहिले, आणि दारू, सिगारेट, अमली पदार्थांवरचा त्यांचा खर्च वाढला नाही. त्यात तीव्र व्यसन असलेल्यांना आधीच वगळलं होतं, हेही सांगायला हवं. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तो निष्कर्ष लागू होईलच असं नाही. पण ज्यांना महिनाभराचा आधार हवाय त्यांच्यावर संशय घेऊन कूपनं वाटायची गरज नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आयतं खाण्याबद्दल म्हणाल, तर अशी माणसं असतात. चांगल्या घरांतही असतात, त्यांना कुणी बेघर करत नाही. पण बहुतेकांना काम हवं असतं, आणि त्यामागे पैशाइतकंच आणखी एक कारण असतं: दिवस काढायचा कसा. लंडनमध्ये 1991 साली सुरू झालेल्या 'द बिग इश्यू' या नियतकालिकाचं सूत्र याच गरजेवर उभं आहे. बेघर विक्रेता अंक निम्म्या किमतीला स्वतःच्या पैशाने विकत घेतो आणि पूर्ण किमतीला विकतो. मधला फरक त्याचा. अशा उपक्रमाने कुणी श्रीमंत होत नाही, पण ज्याला पूर्णवेळ नोकरी अजून झेपणार नाही त्याच्यासाठी ही मधली वाट चांगली आहे. तुम्हाला प्रशिक्षणाची हौसच असेल तर ती अशा कमाईच्या कामातून भागवा: साफसफाई, बागकाम, स्वयंपाकघर, ज्यात पहिल्या दिवसापासून मजुरी मिळते.

आणि काही जण कधीच नोकरी करणार नाहीत, हे आधीच मान्य करून ठेवा. सत्तरी गाठलेले, टीबीने पोखरलेले, ज्यांच्या डोक्यात सतत कुणीतरी बोलत असतं ते. त्यांना खोली द्यायची ती 'पुढे कमावतील' म्हणून नाही. अहवालात यशाची टक्केवारी भरायची असली की संस्था अशा माणसांना हळूच गाळतात आणि तरणी, धडधाकट, हसरी माणसं निवडतात. तुमच्या देणगीदारांना हे पहिल्याच सभेत सांगून टाका, म्हणजे नंतर टक्क्यांवरून भांडण नको.

प्रत्यक्षात सुरुवात अगदी लहान ठेवा. तीन-चार खोल्या, एकाच इमारतीत नको, विखुरलेल्या. म्हणजे शेजारीपाजारी मोर्चा काढत नाहीत आणि खोलीला 'संस्थेची खोली' असं नाव पडत नाही. घरमालक बेघर माणसाला थेट भाड्याने देणार नाही. त्यामुळे पहिला करार तुमच्या संस्थेने करायचा, अनामत तुम्ही भरायची, आणि साधारण वर्षभरात तो राहणाऱ्याच्या नावावर करायचा, हे घरमालकाकडून आधीच लेखी घ्या. पगार सुरू झाला की भाड्यातला काही हिस्सा त्याने भरायचा, पगाराच्या प्रमाणात, साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. घरमालकाला एक फोन नंबर द्या, जो रात्रीही उचलला जाईल. नळ फुटला, भांडण झालं, भाडं थकलं, काहीही असो, त्याने पोलिसांआधी तुम्हाला फोन केला पाहिजे. तसाच नंबर कामाच्या ठिकाणच्या मुकादमाकडेही हवा. एखादा माणूस दोन दिवस आला नाही तर त्याला काढण्याआधी मुकादम तुम्हाला विचारेल, आणि तुम्ही खोलीवर जाऊन बघाल. निम्म्या वेळा तो तापाने पडलेला असतो आणि फोनमध्ये बॅलन्स नसतो.

गटात हे फोन कोण उचलणार, एवढं ठरलं की मला कळवा. घरमालकासोबतच्या कराराचा आमचा मसुदा पाठवते, तुमच्याकडच्या वकिलाला दाखवून बदल करून घ्या.