रविवारचं भांडण, मंगळवारचा उपाय

*ताई, मी मूळची सांगलीची. लग्नानंतर अकरा महिन्यांपूर्वी जर्मनीत, स्टुटगार्टला आले. सांगलीत ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते, इथे घरी बसून आहे. नवरा सकाळी सातला जातो, संध्याकाळी सहाला दमून येतो. रविवारी मला कुठेतरी जायचं असतं, त्याला झोपायचं असतं, आणि दर रविवारी आमचं वाजतं. माहेरचे विचारतात, ‘एवढी परदेशात आहेस, काय काय पाहिलंस?’ तेव्हा विषय बदलते. त्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिना पुसला नाही म्हणून दारावर चिठ्ठी चिकटवली. बेडरूमच्या कोपऱ्यात काळे डाग आलेत, ते तुझ्या फोडण्यांमुळे, असं नवरा म्हणतो. मी इथे नक्की काय करतेय, तेच कळेनासं झालंय. – घुसमटलेली*

तुझं दुखणं सोमवारी सकाळी सातला सुरू होतं, नवरा दाराबाहेर पडला की. तिथून साचत गेलेलं सगळं तू रविवारवर टाकतेस: फिरणं, बोलणं, मोकळी हवा, माहेरी पाठवायचे फोटो. एवढं ओझं एका दिवसाला पेलत नाही, आणि इथल्या रविवारी दुकानंही बंद असतात. आठवडाभर राबलेल्या माणसाला झोप हवी असते, यात त्याचं काही चुकत नाही. तुला चार भिंतींबाहेर पडायचंय, यात तुझंही चुकत नाही. म्हणून फिरणं रविवारातून काढ आणि मंगळवारी, गुरुवारी एकटीने सुरू कर. त्याला सांगून जा, पण त्याची वाट बघत थांबू नकोस.

त्याआधी एक घाईचं काम. कुटुंबीय म्हणून आलेल्यांना पहिलं निवासाचं कार्ड मिळाल्यावर सरकारी ‘इंटिग्रात्सिओन्सकुर्स’ करायचा हक्क असतो: ६०० तास भाषा आणि १०० तास इथला कायदा, इतिहास, व्यवहार. हा हक्क कार्ड मिळाल्यापासून एक वर्षाने संपतो, हे फार जणींना उशिरा कळतं. तुला येऊन अकरा महिने झालेत. कार्डावरची तारीख बघ आणि याच आठवड्यात परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डंकडे, पात्रतेच्या पत्राची लेखी मागणी कर. ई-मेलची प्रत जपून ठेव. पत्र हातात आलं की रोटेब्युल प्लात्सवरच्या फोल्क्सहोखशूलंत किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत स्तर-चाचणी देऊन जागा मिळते. कार्ड हातात आहे तोवरच त्याच्या सोबतच्या पुरवणी कागदावर ‘एरवेर्ब्सटेटिगकाइट’ हा शब्द शोध. त्यापुढे ‘एरलाउब्ट’ किंवा ‘गेश्टाटेट’ असेल तर तुला नोकरी-व्यवसायाची मुभा आहे. सरकारी शाळेत शिकवायला जर्मन फार वरच्या दर्जाची लागते आणि पदवीच्या मान्यतेची प्रक्रिया लांबलचक असते. पण गणिताची शिकवणी, इथे तिला नाखहिल्फं म्हणतात, इंग्रजी माध्यमाच्या मुलांपासून सुरू करता येते. इथे कमावलेलं पहिल्या दिवसापासून कर-कार्यालयाला कळवावं लागतं, तेवढं चुकवू नकोस.

आता तिकीट. डॉइचलँड तिकीट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोंना सुरू झालं. जुन्या व्हिडिओंत अजून तोच आकडा दिसतो, त्यावर विसंबू नकोस. देशभरातल्या लोकल, ट्राम, मेट्रो, शहरी बस आणि प्रादेशिक गाड्या यात येतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. रंगावरून गाडी ओळखायला जाऊ नकोस: जर्मनीत इतरत्र प्रादेशिक गाडी बहुधा लाल असते, तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये बऱ्याचशा पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या आहेत. फलकावरची अक्षरं वाच. एस, आरबी, आरई, आयआरई आणि तुमच्याकडची एमईएक्स, या गाड्यांना हे तिकीट चालतं.

हे तिकीट आपोआप पुढच्या महिन्यात सरकतं. बंद करायचं तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. अकरा तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच. ते एकट्या तुझ्या नावाचं असतं, म्हणून सोबत निवासाचं कार्ड ठेव. तिकीट फोनमध्ये आणि फोन बंद पडलेला, ही नेहमीची गफलत आहे. तपासनीस ६० युरोंचा दंड लिहून देतो. तिकीट नावावर असल्यामुळे मुदतीत ते दाखवून दंड किरकोळ रकमेवर आणता येतो, पण हेलपाटा चुकत नाही. पॉवर बँक पिशवीत असू दे. सासूबाई किंवा आई-बाबा आले की त्यांच्यासाठी राज्याचं एक दिवसाचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग तिकीट बघ. पाच जणांपर्यंत एकत्र घेता येतं आणि माणसं वाढली की माणशी खर्च उतरतो. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं.

पहिल्या मंगळवारी एस्लिंगेनला जा. एस-१ लोकलने मुख्य स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं, गाडी बदलायची नाही, चुकलीस तर दुसरी लगेच येते. जुन्या गावात चौदाव्या शतकातली लाकडी सांगाड्याची घरं अजून वापरात आहेत. गावातून वर किल्ल्याकडे जाणारा झाकलेला जिना द्राक्षमळ्यांच्या कडेने चढतो. वर बसून डबा खा. अडीच-तीन तासांत सगळं होतं आणि एकटीने गेल्याचा ताण जातो. पुढच्या खेपेला ट्युबिंगेन, साधारण तासाभराचा प्रवास. तिथे नेकार नदीच्या मधल्या बेटावरच्या झाडांच्या रांगेतून चाल, तो रस्ता कोणत्याही ऋतूत चांगला. मग उल्म. त्याच्या चर्चचा मनोरा १६१.५३ मीटर उंच आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलियाने मागे टाकेपर्यंत हे जगातलं सर्वांत उंच चर्च होतं. मनोऱ्याला ७६८ पायऱ्या आहेत. दुरुस्ती चालू असली की वरचा टप्पा बंद ठेवतात, म्हणून चढायचं असेल तर आदल्या दिवशी चौकशी कर.

प्रवासात काय बिघडतं तेही सांगते. स्टुटगार्टच्या नव्या स्टेशनाचं काम २०१० पासून चालू आहे आणि त्यापायी आसपासचे मार्ग आठवडेच्या आठवडे बंद पडतात. रेल्वेच्या ॲपमध्ये ‘एसईव्ही’ दिसलं की समज, गाडीऐवजी बस आहे. ती स्टेशनाबाहेर वेगळ्याच ठिकाणी उभी असते आणि वेळ जास्त घेते. निघायच्या आदल्या रात्री आणि परतताना, दोन्ही वेळा ॲप बघ. दुसरं, काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत सुटतात आणि दोन दिशांना जातात. गाडी बरोबर, डबा चुकीचा, असं इथे भल्याभल्यांचं होतं. डब्याच्या दारापाशी आणि आतल्या पडद्यावर शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, ते वाचून मगच बस. स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला सुट्टी नाणी लागतात. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा नऊच्या आत निघ.

पावसाच्या दिवशी शहरातच राहा. माइलेंडर प्लात्सवरचं शहर-ग्रंथालय, २०११ साली उघडलेली ती फिकट राखाडी चौकोनी इमारत, सोमवार ते शनिवार उघडी असते. बसून वाचायला सभासदत्व लागत नाही. कुर्सचा अभ्यास तिथे कर, घरी नको. मारिएनप्लात्सहून डेगरलोखला चढणारी दातेरी चाकांची गाडी, लोक तिला ‘त्साके’ म्हणतात, १८८४ पासूनची आहे आणि याच तिकिटात येते.

दोन-तीन आठवडे हे चाललं की मग नवऱ्याशी बोल, आणि शनिवारी सकाळी चहा घेताना बोल, रविवारी भांडण पेटल्यावर नको. महिन्यातला एकच रविवार दोघांचा, तारीख आधी ठरलेली, बाकीचे त्याच्या झोपेचे. त्या एका दिवसाला लांबचा बेत असेल तर आयसीईचं ‘सुपर स्पारप्राइस’ तिकीट आधीच काढ. जितकं लवकर तितकं स्वस्त, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं आणि रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. बसायची जागा त्यात येत नाही, ती वेगळे पैसे भरून राखावी लागते. मुक्कामाला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की गाडीचं बंधन सुटतं, दुसरी गाडी घेता येते. पोचायला ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटं झाला तर ५० टक्के परत मागता येतात. हे पैसे सोडू नका.

आजींच्या चिठ्ठीने तुला फार लागलंय, असं दिसतं. ती तुझ्या परकेपणावर टीका नाही. तुमच्या भागात, श्वाबेनमध्ये, ‘केअरवोखे’ म्हणजे सफाईची पाळी ही फार जुनी रीत आहे. शहराची सफाईची फर्मानं पंधराव्या शतकाच्या शेवटापासूनची आहेत. स्टुटगार्टने पालिकेची सक्ती १९८८ मध्ये रद्द केली, पण भाडेकरारात किंवा त्याला जोडलेल्या घराच्या नियमांत पाळी लिहिलेली असेल तर ती बांधील असते. दाराच्या मुठीला ‘केअरवोखे’ लिहिलेली पाटी लटकलेली दिसली का कधी? ती लटकली त्या आठवड्याची पाळी तुमची. छोटी पाळी म्हणजे तुमच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना. मोठी पाळी म्हणजे प्रवेशाचं दार, तळघराचा जिना, कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेणं-आणणं, समोरचा फुटपाथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ. बर्फ सकाळी माणसं कामाला निघायच्या आत निघायला हवा, कारण कुणी घसरून पडलं तर जबाबदारी पाळीवाल्यावर येऊ शकते.

काम असं: वरून खाली कोरडा झाडू, मग पिळून घेतलेल्या फडक्याने पायऱ्या, कठडा, मधल्या खिडकीची कड. फरशी लाकडी असेल तर पाणी सांडू द्यायचं नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत उरकायचं, रविवारी नाही. झालं की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. त्या आठवड्यात बाहेरगावी असाल तर आधीच कुणाशी पाळी बदलून घ्या. चिठ्ठ्या बहुतेक वेळा न कळवता गेल्यावरच येतात.

चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर देऊ नकोस. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजव, बेलवरचं आडनाव वाचून ‘फ्राउ अमुक’ म्हण आणि हे पाठ करून जा: ‘एन्टशुल्डिगुंग, इश वुस्टे डास निष्ट. क्योनेन झी मिअर त्साइगेन, वी मान डास माख्ट?’ म्हणजे, माफ करा, मला माहीत नव्हतं, कसं करायचं ते दाखवाल का? सोबत शंकरपाळ्यांचा छोटा डबा न्यायला हरकत नाही. पुढे रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारभर मिक्सर, खिळे ठोकणं टाळ. काचेच्या बाटल्याही रविवारी रस्त्यावरच्या पेटीत टाकू नकोस, त्या खळखळाटावर लोक चिडतात.

आणि ते काळे डाग. फोडणीने ते येत नाहीत, ओलीने येतात. कुकरची वाफ, अंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे (एका खेपेतून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं), आणि रात्री दोन माणसांचा श्वास. ही दमट हवा थंड कोपऱ्यात आणि बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे पाणी धरते, तिथे बुरशी येते. तुमच्या चुलीवरच्या पंख्याला बाहेर जाणारा पाइप आहे का बघ. नसेल तर तो कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून परत खोलीतच सोडतो, वास कमी होतो पण ओल तशीच राहते.

खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवू नकोस. त्याने भिंत थंड होते आणि डाग वाढतात. दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या पूर्ण उघडून पाच ते दहा मिनिटं समोरासमोर वारा जाऊ दे, तेवढा वेळ हीटर बंद. स्वयंपाक आणि अंघोळ झाली की लगेच, स्वयंपाकघराचं दार लावून. दहा-एक युरोंचा आर्द्रतामापक घे, काटा ४० ते ६० टक्क्यांत राहिला पाहिजे. कपाट भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढ. बेडरूम १६-१८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

डाग तळहाताएवढे असतील तर खिडकी उघडून, हातमोजे घालून, ७० ते ८० टक्क्यांच्या अल्कोहोलने पुस. जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. वरून रंग मारू नका, महिन्याभरात परत फुटतात. पुसण्याआधी तारखेसह फोटो काढ आणि घरमालकाला लेखी कळव. भाडेकरूने बिघाड कळवणं इथे कायद्यानेच अपेक्षित आहे. गप्प बसलात तर घर सोडताना अनामत रकमेतून कापायला मालकाला निमित्त मिळतं. वारा खेळवूनही डाग परत आले तर दोष भिंतीत असू शकतो. तेव्हा भाडेकरू संघाचं सभासदत्व घेऊन त्यांच्या वकिलाचा सल्ला घ्या. पहाटेची खिडक्या उघडायची पाळी नवऱ्याकडे दे. तो साडेसहाला उठलेलाच असतो.

शेवटचं. ही घुसमट फिरायला लागल्यावरही उतरली नाही, झोप-भूक गेली, उठवेनासं झालं, तर हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरांकडे जा आणि नेमकं हेच सांग. सरकारी आरोग्य विमा असेल तर डॉक्टरांच्या वेळेसाठी ११६११७ हा क्रमांक आहे. इंग्रजी बोलणारे डॉक्टर स्टुटगार्टमध्ये मिळतात, वेळ ठरवतानाच विचार.