एक लाल शेरा

काकांनी पिशवीतून कॅमेरा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. जुना, फिल्मचा, कडेने कातडं थोडं सुटलेला. "ऐका हं," म्हणाले, आणि वेगाची चकती फिरवून बटण दाबलं. टक्. पुन्हा फिरवली. टक्. मग चकती सगळ्यात हळू वेगावर, 1 सेकंदावर आणली. आतून किर्र असा बारीक आवाज सुरू झाला, मध्येच दमला, आणि शटर उघडंच राहिलं. काकांनी टिचकी मारली तेव्हा कुठे मिटलं.

"आतलं तेल वाळलं की हळू वेगांची चाकं अशी अडखळतात. जलद वेगांना त्या चाकांची गरजच नसते, म्हणून ते व्यवस्थित चालतात. हा त्याच जातीचा दुसरा कॅमेरा. विकलेल्यातही हाच दोष होता आणि तो मी लिहिला होता, मॅडम. लिहिला होता! तरी त्याने मला फसवा म्हटलं."

मी समुपदेशक. माझ्याकडची वेळ त्यांच्या मुलीने घेतली होती. बाबा रात्री दोन-दोन वाजता उठून फोन बघतात, जेवताना गप्प असतात, एवढंच तिने सांगितलं होतं. (काकांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) काका 64 वर्षांचे. नोकरी प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळण्याची. निवृत्तीनंतर जुने कॅमेरे घ्यायचे, साफ करायचे आणि ऑनलाइन लिलावात विकायचे, हा उद्योग सहा वर्षं चाललेला. खात्यावर ग्राहकांचे 312 अभिप्राय, सगळे हिरवे, म्हणजे चांगले. आणि 19 दिवसांपूर्वी एक लाल: "शटर चालत नाही. वर्णन खोटं. या माणसापासून सावध राहा."

"असा अन्यायाचा फीडबॅक आला तर काढायचा कसा?" हा प्रश्न घेऊन येणारे काका पहिले नव्हेत. घरबसल्या छोटी विक्री करणारी माणसं आता माझ्याकडे येतात आणि बहुतेक सगळी सुरुवातीला तांत्रिक प्रश्नच विचारतात. पूर्वी मला वाटायचं, याचं उत्तर त्या वेबसाइटच्या मदतकक्षाने द्यावं, माझ्याकडे कशाला? आता वाटत नाही.

तरी पहिल्या भेटीत मी चूक केलीच. म्हटलं, "काका, 313 मधला एक. टक्केवारी काढा बरं." काकांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "टक्केवारी मुलीनेही काढून दिली." त्यानंतर वीस मिनिटं ते सभ्यपणे हो-हो करत राहिले. माणूस हातातून निसटला की समुपदेशकाला कळतं. दुखऱ्या जागेवर हिशेब ठेवला की समोरच्याला वाटतं, याला दुखतंय कुठे तेच समजलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत मी हिशेब सोडला आणि विचारलं, "शेरा वाचलात तेव्हा कुठे होतात?" पलंगावर, दिवा मालवलेला, फोन उशाशी. वाचल्यावर पहिली गोष्ट काय केली? बराच वेळ उत्तर नाही. मग हळूच: "त्याला मेसेज केला. म्हटलं, सगळे पैसे परत देतो, कॅमेराही ठेव, पण तेवढं काढून टाक." समोरून काहीच आलं नाही. मग दुसरा मेसेज, जरा चढ्या आवाजातला. मग तिसरा, तो तर मला वाचून दाखवायलाही तयार नव्हते. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. रात्री दोनची झोप त्या लाल शेऱ्याने कमी आणि या तीन मेसेजांनी जास्त खाल्ली होती.

इथे थोडं रोखठोक बोलावं लागलं. शेरा काढण्याच्या बदल्यात पैसे देऊ करणं अनेक लिलावस्थळांच्या नियमांत बसत नाही. ग्राहकाने "पैसे परत दे, नाहीतर वाईट लिहीन" म्हणणं जसं बसत नाही, तसंच. म्हणजे काकांनी घाबरून स्वतःचीच बाजू कमकुवत केली होती. हे ऐकून ते खचतील अशी मला भीती होती. उलट त्यांचे खांदे थोडे सैलावले. "म्हणजे मी खरंच काहीतरी चुकलो," असं जवळजवळ सुटकेच्या सुरात म्हणाले. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा सोसण्यापेक्षा केलेली चूक सोसणं सोपं जातं, हे मी आधीही पाहिलंय.

मग निघाली जुनी गोष्ट. नोकरीत असताना एक भिंग हरवलं, म्हणून त्यांना मेमो मिळाला होता. आठ महिन्यांनी ते भिंग दुसऱ्याच कपाटात सापडलं. साहेब हसून "चला, मिळालं एकदाचं" म्हणाले. मेमो फाइलमध्येच राहिला. प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी जुनी जखम शोधायची सवय मला नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. पण हा मेमो मी खणून काढला नव्हता. तो आपणहून टेबलावर आला, कॅमेऱ्याच्या शेजारी.

काकांचा सगळ्यात मोठा राग मात्र वेगळाच होता. "तो माझ्याबद्दल वाट्टेल ते लिहू शकतो, मी त्याच्याबद्दल एक अक्षर लिहू शकत नाही. हा कुठला न्याय?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर या पद्धतीच्या इतिहासात आहे. ईबे हे ऑनलाइन लिलावस्थळ 1995 मध्ये ऑक्शनवेब नावाने सुरू झालं आणि 1996 मध्ये तिथे अभिप्रायाची सोय आली: चांगला, मधला, वाईट, अधिक एक, शून्य, उणे एक. अनोळखी माणसाला पैसे पाठवायला लोक तयार झाले ते बऱ्याच अंशी यामुळे. तेव्हा ग्राहक आणि विक्रेता दोघेही एकमेकांना लाल खूण देऊ शकत. व्हायचं काय, की विक्रेता आपला शेरा हातात राखून ठेवायचा. तू वाईट लिहिलंस तर मीही लिहीन. खरी तक्रार असलेले ग्राहकही गप्प बसायचे. अखेर 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांना ग्राहकाबद्दल वाईट शेरा लिहिण्याची मुभाच काढून घेतली, आणि काका जिथे विकतात तिथेही नियम तसाच आहे.

मी काकांना म्हटलं, "तुमच्या हातात सूड असता, तर त्या 312 हिरव्या खुणांमधल्या कितींवर तुम्ही विश्वास ठेवला असता? भीतीपोटी किती दिल्या गेल्या, हे कसं कळणार होतं?" काका प्रयोगशाळेतले. मोजणारा घाबरलेला असेल तर मोजमापाला अर्थ नसतो, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"पण नुकसान तर होतंच ना?" त्यांनी विचारलं. होतं. "एका शेऱ्याने काही होत नाही" असं म्हणणं मी बंद केलंय, कारण ते पूर्ण खरं नाही. लुईश काब्राल आणि अली होर्ताचसू या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवरच्या विक्रेत्यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध केला. पहिला वाईट शेरा येण्याआधी आठवड्याची विक्री सरासरी 5 टक्क्यांनी वाढत होती, तो आल्यावर 8 टक्क्यांनी घटू लागली. पुढच्या वाईट शेऱ्यांचा परिणाम मात्र पहिल्याइतका नव्हता. उलट बाजूचाही एक प्रयोग आहे, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला. जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याने सारखाच माल स्वतःच्या जुन्या नावाने आणि नव्या, कोऱ्या नावांनी विकून पाहिला. जुन्या नावाला सुमारे 8 टक्के जास्त किंमत आली. आणि नव्या नावांवर एखाद-दोन वाईट शेरे असले-नसले, तरी लोकांनी मोजलेल्या पैशांत फरक पडला नाही. काका दोन्ही ऐकून म्हणाले, "म्हणजे पहिला चावतो." होय, पहिला चावतो. पण सहा वर्षांच्या जुन्या नावाचंही वजन असतं.

तिसऱ्या भेटीत मी कोरा कागद घेतला आणि शेऱ्याची तीन वाक्यं एकेका ओळीवर लिहिली. काकांना विचारलं, यातलं कुठलं वाक्य किती खरं?

"वर्णन खोटं": साफ खोटं. "सावध राहा": निव्वळ विष. "शटर चालत नाही" यापाशी ते थांबले. चालतं की! पण सगळ्या वेगांवर नाही. मी म्हटलं, तुमचं ते वर्णन वाचून दाखवा. त्यांनी फोनवर काढलं आणि वाचू लागले. कॅमेरा कुठल्या काळातला, भिंगावर कुठला लेप, तो किती दुर्मीळ, पट्टा मूळचा नाही, आणि मग बरंच खाली: "स्लो स्पीड्स किंचित स्टिकी, वयोमानानुसार." वाचताना त्यांचाच आवाज खाली आला.

"काका, मला याचा अर्थ कळला नसता," मी म्हटलं.

"संग्राहकाला कळतो."

"आणि ज्याने आयुष्यात पहिला फिल्म कॅमेरा घेतला असेल, त्याला?"

ते उत्तर देईनात. मग चिडले. "म्हणजे तुमच्या मते चूक माझी?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि यायलाच हवा होता. माझ्या मते वर्णन अपुरं होतं आणि शेरा अन्यायाचा होता. पहिल्याने दुसरं धुऊन निघत नाही. तक्रार असलेला माणूस आधी विचारतो, कॅमेरा परत करू म्हणतो. या माणसाने तसं काहीही न करता थेट "सावध राहा" लिहिलं. पण काकांना तो शेरा पूर्णच खोटा हवा होता, कारण पूर्ण खोट्याशी लढता येतं. अर्धवट खऱ्याशी काय करायचं ते कुणी शिकवत नाही.

आता व्यवहाराचं. शेरा काढून टाका अशी मागणी वेबसाइटकडे करता येते. पण साधारणपणे शिवीगाळ, खाजगी माहिती उघड करणं, धमकी किंवा भलत्याच व्यवहाराबद्दलचा मजकूर असेल तर ती मान्य होते. "हे खरं नाही" एवढ्यावर सहसा होत नाही, कारण खरं-खोटं ठरवायला कॅमेरा त्यांच्या टेबलावर नसतो. काकांनी मागणी केली, ती फेटाळली गेली. मला आश्चर्य वाटलं नाही, त्यांना वाटलं. ग्राहकाला शेरा बदलण्याची अधिकृत विनंती तिथे एकदाच पाठवता येत होती. ती पाठवण्याआधी आम्ही वेगळा मेसेज लिहिला: दोष मी नीट समजेल असा लिहायला हवा होता, कॅमेरा परत पाठवा, पैसे आणि पाठवणीचा खर्च पूर्ण देतो. त्यात शेऱ्याचा उल्लेखच नाही. काकांना हे फार जड गेलं. "मग त्याने काढलं नाही तर?" नाही काढलं, तर नाही. पैसे परत करणं ही तुमची वागणूक, शेरा ही त्याची. दोन्हींची गाठ मारली की पुन्हा ती रात्र.

एका भाच्याने दरम्यान सुचवलं होतं की मित्रांकडून चार-पाच खोट्या खरेद्या करवून शेरा खाली ढकलावा. पकडलं गेलं तर खातंच बंद होतं, हे मी सांगितलं. काका म्हणाले, "तसं केलं तर तो बरोबर ठरेल." माझ्यापेक्षा त्यांचं कारण चांगलं होतं.

राहिलं शेऱ्याखालचं उत्तर. तिथे जागा थोडीच असते, आणि एकदा टाकलं की ते त्या शेऱ्याला कायमचं चिकटतं. काकांचा पहिला मसुदा नऊ ओळींचा होता, त्यात "312" तीनदा आणि "प्रामाणिक" चारदा. मी विचारलं, हे कोण वाचणार? "तोच." तो परत येणार आहे इथे? नाही. मग कोण? काका खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढचा बोली लावणारा." पुढच्या बोली लावणाऱ्याला त्यांच्या अपमानाशी काही देणंघेणं नसतं. त्याला एवढंच बघायचं असतं, की काही बिनसलं तर हा माणूस कसा वागतो. चौथ्या मसुद्याला उरलं ते असं: "हळू वेगांचा दोष वर्णनात होता, पण पुरेसा स्पष्ट नव्हता. कॅमेरा परत घेऊन पूर्ण पैसे देण्याची तयारी कळवली आहे." मी म्हटलं, दोन रात्री टाकू नका. त्यांनी तीन रात्री ठेवला आणि एकही शब्द न बदलता टाकला.

ग्राहकाने उत्तर दिलं नाही. विनंतीची मुदत संपली. शेरा आजही आहे, त्या उत्तरासकट.

त्यानंतर काका दोन महिन्यांनी आले, ठरवलेल्या शेवटच्या भेटीला. विक्री पुन्हा सुरू झाली होती. नव्या वर्णनाची पहिलीच ओळ त्यांनी मला दाखवली: "1 सेकंद आणि अर्ध्या सेकंदाला शटर अडकतं. बाकी वेग ठीक." बोलता बोलता फोन वाजला. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. नवा अभिप्राय होता, हिरवा नव्हे, मधला: "वस्तू चांगली. पार्सल उशिरा आलं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"खरंय," काका म्हणाले. "दोन दिवस उशीर झाला होता." आणि फोन खिशात ठेवून कॅमेऱ्याच्या नव्या पट्ट्याबद्दल सांगू लागले.