माकडाचे दुधाचे दात पडल्यावर कायमचे दात कसे येतात? दात बघून वय सांगता येतं का?

‘पडल्यावर’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. याच शब्दावरून माझं एकदा वाजलं होतं.

एम.एस्सी.ला असताना कवट्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक ऱ्हीसस माकड (उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड) होतं, तोंडात 24 दात. दुधाचे असतात 20, म्हणजे मागच्या चार दाढा कायमच्या. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘वय अंदाजे दीड वर्ष’. सर म्हणाले, “अरे, एकही दात पडलेला नाही, कायमचा आला कुठून?” चिठ्ठी खोडली आणि वर लिहिलं, ‘सर्व दात दुधाचे’. एक्स-रे काढू म्हटलं तर हसले. पुढे मी गुपचूप काढलाच. त्या दाढेच्या मागे, हाडाच्या आत, दुसरी दाढ घडत होती. दाखवायला गेलो तर म्हणे, यादी टाइप होऊन गेली!

कायमच्या दाढा कुणाच्या जागेवर येत नाहीत हो. जबडा मागे वाढतो, जागा होते, त्या येतात. पहिलीचा माथा तर जन्माआधीच घडायला लागतो. पाडून येतात ते पटाशीचे, सुळे आणि उपदाढा: नवा दात वर सरकताना दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं आणि तो सुटतो.

वयाचं म्हणाल तर ऱ्हीससमध्ये पटाशीचे अडीच-तीन वर्षांच्या सुमारास बदलतात, दुसरी दाढ त्यानंतर काही महिन्यांत. मग उपदाढा, सुळे. नराचा सुळा पुरता बाहेर यायला बराच वेळ घेतो. तिसरी दाढ साधारण सहाव्या-सातव्या वर्षी, आणि 32 पूर्ण. त्यापुढे दातांची झीज बघायची, म्हणजे निव्वळ अंदाज. माणसाची पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षी येते, ऱ्हीससची दीड वर्षाच्या सुमारास; यावरून माकडाचं बालपण किती आखूड ते कळेल.

तेव्हा कुणी ‘पडला नाही म्हणजे दुधाचा’ म्हणालं तर आधी दात मोजायला लावा. कितीही मोठा माणूस असो.

हां, वरची वर्षं ऱ्हीससची आहेत. वानरांमध्ये दात येण्याचा क्रमही थोडा वेगळा असतो. आणि दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना दुधाचेच 24 दात असतात, तिथे माझी मोजणी फसेल. सरांनी हा मुद्दा काढला असता तर मी गप्प बसलो असतो. त्यांनी तो काढला नाही.