अंतराळात 'निवळतं' का?

कोल्हापुरातल्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने विचारलंय: 'अंतराळातल्या सक्शन मशिनवर मराठीत टिपण लिहितेय. ओढलेलं रक्त आणि हवा निवळून वेगळी होते, असं लिहिलं तर चालेल का?'

वॉर्डातल्या मशिनबद्दल लिहिलंत तर चालेल, अंतराळातल्या नाही. तिथं रक्त, लाळ बाटलीच्या तळाला बसते, हवा वरच्या नळीने पंपाकडे जाते. हे काम वजनाचं. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. गुरुत्वाकर्षण तिथंही जवळपास ९० टक्के आहेच, पण स्थानक आणि आतलं सगळं एकत्रच पडत राहतं, म्हणून वजन जाणवत नाही. ('शून्य गुरुत्वाकर्षण' लिहू नका, 'भारहीन अवस्था' लिहा.) तिथं बुडबुडा वर येत नाही, कारण वर अशी बाजूच नाही. रक्त-हवेचा फेस होतो आणि तोच पंपात शिरायला बघतो.

आपली कितीतरी क्रियापदं वजनाच्या जिवावर जगतात. साका बसतो, धान्य उफणतात, तांबड्या रश्शावर कट येतो. निवळणं त्यातलंच.

मग काय म्हणायचं? आपल्याकडचा 'मळी' हा शब्द बघा. गुऱ्हाळात रस तापला की काहिलीत वर येते ती मळी. गुळव्या झाऱ्याने ती ओढून काढतो. साखर कारखान्यात मात्र मळी वर येत नाही. गरगर फिरणाऱ्या जाळीच्या टोपलीतून ती बाहेर फेकली जाते, साखर आत राहते. शब्द एकच, पण अंतराळात पहिली मळी निघायची नाही, दुसरी निघेल. अंतराळात रक्त आणि हवा वेगळी करायचा एक उपाय म्हणजे फिरतं यंत्र. त्यातही असंच होतं: जड द्रव कडेला जातो, हवा मधोमध उरते.

दुसरा उपाय म्हणजे पाण्याने न भिजणारा, बारीक छिद्रांचा पडदा. तो हवा सोडतो, द्रव अडवतो. इथं 'गाळणे' खुशाल वापरा. रक्तातली प्रथिनं छिद्रांवर बसली की पडदा तुंबतो, तेही लिहा.

सक्शनला 'शोषण' नको, सावकार आठवतो. 'चूषण' बरा, बोलताना सगळे 'सक्शन लाव' असंच म्हणतात, तेही चालेल. वेगळं करणाऱ्या यंत्राला 'विलगक' म्हणणं शास्त्रीय लेखात ठीक, पण विलगीकरण म्हटलं की करोना आठवतो. मी असं लिहीन: 'फिरतं यंत्र रक्त कडेला लोटतं आणि मधली हवा वेगळी काढतं.'