‘दिसला का?’ ‘हो, दिसला.’

थंडी ओसरून दिवस लांबायला लागला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक ठरावीक तक्रार येते. शब्द थोडे इकडेतिकडे, पण गाभा एकच: “सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून बाहेर पडावं म्हणतो, तर मोठ्या मुलीला यायचंच नसतं. आणली तर तोंड पाडून चालते. धाकटा येतो, पण तोही किती दिवस येईल? मॅडम, पोरं आमच्यापासून तुटत चालली आहेत का?”

अशाच एका घराची ही गोष्ट. त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दुर्बिणीचा तपशील मात्र बदललेला नाही.

आई-बाबा दोघं आले होते. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊचा. बाबांना पक्षिनिरीक्षणाचं वेड. बसल्या बसल्या त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर उलगडला. आठ रविवार, आठ जागा, निघायची वेळ पहाटे पावणेसहा. शेवटच्या रकान्यात ‘कोण येणार’ आणि त्याखाली चौघांच्या नावांची आद्याक्षरं. प्रत्येकापुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती, निळ्या पेनाने, आठही रविवारांना.

“हेच दिवस असतात हो,” ते म्हणाले. “पानं फुटायच्या आधी फांद्या उघड्या असतात, पक्षी दिसतो. एकदा पालवी दाट झाली की नुसता आवाज. तीन-चार आठवडे हातात असतात, आणि तेवढेच आमच्या भांडणात जातात.”

त्यांचं म्हणणं पक्ष्यांच्या बाबतीत अगदी खरं होतं. दिवस मोठा होऊ लागला की त्याची जाणीव पक्ष्यांच्या शरीराला होते, अंतःस्राव बदलतात आणि नर गायला लागतात: ही हद्द माझी, आणि जोडीदार हवी. पहाटे हे गाणं सगळ्यात जोरात असतं. म्हणजे पावणेसहाचा हट्ट पक्ष्यांच्या घड्याळाला धरूनच होता. फक्त घरात अजून एक घड्याळ होतं, आणि ते उलट्या दिशेला सरकलं होतं.

वयात येताना झोपेचं चक्र पुढे जातं. झोप आणणारं मेलाटोनिन मुलांच्या शरीरात रात्री उशिरा स्रवायला लागतं. दहा वाजता दिवा मालवला तरी चौदा वर्षांची मुलगी टक्क जागी असते, आणि यात दरवेळी मोबाइलच दोषी असतो असं नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. ही मुलगी झोपायची साडेअकराला आणि बाबा उठवायचे सव्वापाचला. पावणेसहा तास! आईने तिथल्या तिथे बोटांवर मोजलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. “पण सकाळचा उजेड चांगला असतो ना?” बाबांनी विचारलं. असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड मिळतो, घरात जेमतेम काहीशे, आणि सकाळचा उजेड झोपेचं चक्र मागे ओढायला मदतही करतो. पण तो उजाडल्यावर मिळतो. अंधारात ओढून बाहेर काढलं तर मिळतो तो फक्त राग.

इथे मी एक चूक केली, तीही सांगते. पहिल्याच भेटीत मला तोडगा द्यायची घाई झाली. निघायची वेळ आठ करा म्हटलं, ते ठीकच होतं. पण सोबत असंही सुचवलं की मुलीने महिन्यातून दोन रविवार यावं आणि त्याबदल्यात तिला शनिवारी रात्री मैत्रिणींशी बोलायला एक तास जास्त मिळावा. करार, दोन्ही बाजूंच्या सह्या. कागदावर छान दिसतं.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग आम्ही विद्यार्थिदशेतच शिकतो. रंगीत पेनांनी चित्रं काढायची मुळात आवड असलेली लहान मुलं. त्यांतल्या काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर रिबन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. त्यांनी काढलं, प्रमाणपत्र घेतलं. पुढे मोकळ्या वेळात मात्र ही मुलं, बक्षिसाशिवाय काढणाऱ्यांच्या तुलनेत, निम्म्याच्या आसपासच वेळ त्या पेनांकडे वळली. आवड होती तिथे मोबदला आला आणि खेळाचं काम झालं. इथे तर मुळात आवड आहे का, हेच कुणी विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी ते परत आले. मुलगी दोन्ही रविवार आली होती. “आली,” आई म्हणाली, “हजेरी लावायला आल्यासारखी. घड्याळ बघत.” बाबा काही बोलले नाहीत. कागद मात्र अजून त्यांच्या खिशात होता, घडी जरा मळली होती.

मग मी मुलीला एकटीला भेटले. सुरुवातीलाच सांगितलं, इथे बोललेलं तुझ्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच सांगावं लागेल, आणि तेही तुला सांगून. ती मोकळेपणाने बोलली. मैत्रिणी, शाळा, एक नावडता विषय, केस कापण्यावरून झालेलं भांडण. झोप, भूक, अभ्यास, सगळं वयाला साजेसं. घरच्यांवर राग नव्हता. बाबांबद्दल तर माया होती.

“मग पक्षी नाही आवडत?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी बघितलेच नाहीत.”

“म्हणजे?”

“दुर्बिणीतून काहीच दिसत नाही. दोन काळे गोल येतात मध्ये, हलतात. बाबा म्हणतात, ‘दिसला का? दिसला का?’ मी म्हणते, हो, दिसला.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. चौथीत असल्यापासून.”

चार वर्षं! चार वसंत ही मुलगी पहाटे उठून, काळ्या गोलांकडे बघून ‘दिसला’ म्हणत आली होती. आधी बाबांना वाईट वाटू नये म्हणून, आणि नंतर आता खरं सांगितलं तर आधीचं सगळं खोटं ठरेल म्हणून. मोठं झाल्यावर हे नाटक जड झालं, इतकंच. हे बाबांना सांगू का, असं मी विचारलं. “तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “मी समोर असेन, पण बोलणार नाही.”

पुढच्या भेटीला मी बाबांना दुर्बीण आणायला सांगितली. समुपदेशनाच्या खोलीत दुर्बीण येण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. आठ गुणिले बेचाळीस, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. चांगली दुर्बीण होती, दोष तिच्यात नव्हताच. दोन नळ्यांमधली बिजागरी बाबांच्या डोळ्यांमधल्या अंतराला बेतून पक्की बसलेली. मुलीचे डोळे त्याहून जवळ. डोळ्यांशी येणारे रबरी कप बाहेर काढून ठेवलेले, कारण बाबांना चष्मा नाही, मुलीला आहे. चष्मेवाल्याने ते कप आत फिरवायचे असतात, नाहीतर डोळा भिंगापासून लांब राहतो आणि चित्राचा मधला तुकडा तेवढा दिसतो. उजव्या डोळ्याची बारीक कडीही बाबांच्याच नजरेला जुळवलेली. पहिल्या दोन गोष्टी जुळल्या नाहीत की काळे गोल येणारच, आणि कडी जुळली नाही की चित्र पुसट. आणि पक्षी दिसला की बाबा घाईघाईने स्वतः फोकस लावून दुर्बीण तिच्या हातात द्यायचे. त्यांच्या नजरेला स्वच्छ, तिच्या नजरेला अंधार.

मी सांगितलं. बाबांनी दुर्बीण मांडीवर ठेवली आणि बराच वेळ मधलं चाक नुसतं फिरवत राहिले. मग म्हणाले, “माझे वडील मला कुठेच न्यायचे नाहीत. मी ठरवलं होतं, माझ्या मुलांना मी नेणार.” कोणी काही बोललं नाही. धाकटा खुर्चीखाली काहीतरी शोधत होता.

शेवटी मुलीनेच हात पुढे केला. बाबांनी तिला क्रम सांगितला: आधी बिजागरी हलव, दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत. कप आत. मग उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डावा डोळा लाव, नंतर डावी बाजू झाकून कडीने उजवा. या वेळी त्यांनी दुर्बिणीला हात लावला नाही. (लावायला गेले होते, आईने मनगट धरलं.) खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. मुलगी म्हणाली, “अरे! टाकीवरचा गंज दिसतोय.”

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण मग ती पक्षिवेडी झाली, असं काही घडलं नाही. तिला पक्षी ठीक वाटतात, तितकेच. माणसाला एखादी गोष्ट आपणहून करावीशी वाटायला काय लागतं, यावर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांनी तीन गरजा सांगितल्या: निर्णय आपला असणं, आपल्याला ते जमतंय असं वाटणं आणि आपल्या माणसांशी जोडलेलं असणं. बाबा तिसरीसाठी जिवाचा आटापिटा करत होते आणि पहिल्या दोन त्यांच्याच हातून निसटत होत्या.

आईचं तर सगळ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला विचारलं, तुम्हाला काय आवडतं? ती हसली. “मला? मला कुठेतरी उन्हात पाठ करून बसायचंय. चार वर्षं मी पिशव्या भरते आणि रिकाम्या करते. दुर्बीण माझ्या हातात कुणी दिलीच नाही, आणि खरं सांगायचं तर मला नकोच आहे.” आणि धाकट्याला हवा होता चिखल. पक्षी उडतील म्हणून त्याला सकाळभर ‘शूऽऽ’ केलं जायचं. तो मुंग्यांच्या रांगेत रमायचा आणि ‘लक्ष नाही याचं’ हे ऐकून घ्यायचा.

मग त्या घराने स्वतः एक व्यवस्था बसवली, मी फक्त ऐकलं. महिन्यातला एक रविवार बाबांचा, पहाटेचा, एकट्याचा. हे त्यांना सुरुवातीला शिक्षेसारखं वाटलं. मग मजा यायला लागली, कारण कुणाला सांभाळायचं नव्हतं. एक बाहेर पडणं सगळ्यांचं, तेही संध्याकाळी. पहाटेइतके नाही, पण मावळतीलाही पक्षी गातात. जागा आळीपाळीने एकाने ठरवायची, परत कधी फिरायचं तेही त्यानेच ठरवायचं. मुलीची पाळी आली तेव्हा तिने घराजवळचाच रस्ता निवडला आणि अठराव्या मिनिटाला सांगितलं, चला परत. बाबांनी ओठ आवळून धरले, पण फिरले. अठरा मिनिटं कमी वाटतात ना? ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही 1998 पासून फेब्रुवारीत होणारी पक्षीगणना आहे, आता जगभर चालते. तिच्यात भाग घ्यायला एका जागी किमान पंधरा मिनिटं मोजणी पुरते. पक्षी मोजणाऱ्यांना पंधरा मिनिटं चालतात, मग घरच्यांनी अर्धा दिवस का मागावा?

मुलांनी बाहेर पडावं हे मलाही वाटतं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, आणि लहान वयात रोज बाहेरच्या उजेडात वेळ गेला तर लांबचं दिसण्यासाठी चष्मा लागण्याची शक्यता कमी होते असं अभ्यासांतून दिसलं आहे. पण ती हालचाल आई-बाबांसोबतच व्हायला हवी असं कुठेही म्हटलेलं नाही. या मुलीने सायकल बाहेर काढली. मैत्रिणीबरोबर जाते, कुठे ते सांगून जाते.

अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी एक गोष्ट विचारते: मूल फक्त तुमच्यासोबत यायला नाही म्हणतंय, की सगळ्यालाच? मैत्रिणी असतील, हसणं असेल, स्वतःचं काही चालू असेल, तर बहुतेक वेळा वेळ, जागा आणि वेग यांचं भांडण असतं. पण मित्र सुटले, आवडीचं सगळं सुटलं, झोप-भूक बिघडली, उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे रोज टिकून राहिली, तर सहलीचा विषय बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर दोन आठवडेही थांबू नका.

शेवटच्या भेटीला बाबा एकटेच आले. कागद नव्हता. नेहमीच्या संध्याकाळच्या फेरीत मुलगी अचानक थांबली, म्हणाले. वरच्या फांदीवर काहीतरी होतं. तिने दुर्बीण लावली, खूप वेळ बघितलं, आणि मग त्यांच्या हातात दिली. तिच्या डोळ्यांना जुळवलेली, कप आत, कडी फिरवलेली.

“बघा बाबा. दिसला का?”

“काय म्हणालात?” मी विचारलं.

“पुसट होतं सगळं. तोंडापर्यंत आलं होतं, हो दिसला म्हणून.” ते थांबले. “नाही दिसला म्हटलं. तर म्हणाली, थांबा, आणि बिजागरी उघडून दिली. तोवर तो उडाला.”