मुलीच्या कॉलेजसाठी ४०१-के मोडायचं का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, ग्रीनकार्ड आहे. मुलगी बारावीत आहे. बॉस्टनच्या एका खासगी कॉलेजात प्रवेश मिळालाय, इथल्या सरकारी विद्यापीठाचं, रटगर्सचंही पत्र आलंय. मेजर (पदवीचा मुख्य विषय) अजून ठरलेला नाही. पहिल्या वर्षासाठी माझ्या ४०१-केमधून (नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून) ४०,००० डॉलर काढू का? नवरा म्हणतो, पुण्याचा फ्लॅट विकू.

उत्तर: ४०१-केला हात लावू नका. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत पैसे काढलेत तर १० टक्के दंड, म्हणजे ४,००० गेले. २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर फेडरल टॅक्स ९,६००. उरले २६,४००, आणि राज्याचा कर अजून बाकीच. शिक्षणासाठी दंड माफ होतो तो आयआरएत (आपण स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात), ४०१-केत नाही. ही गल्लत बरेच जण करतात. शिवाय काढलेली रक्कम दोन वर्षांनंतरच्या फाफ्सात (सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात) उत्पन्न म्हणून दिसते. खात्यातच राहिली तर फाफ्सा तिची चौकशीही करत नाही. पुण्याचा फ्लॅट मात्र मालमत्तेत दाखवावा लागतो. सूट फक्त राहत्या घराला.

आता मेजरचं. बारावीपर्यंतची सरकारी शाळा म्हणायला फुकट (प्रॉपर्टी टॅक्स भरणाऱ्या एडिसनकरांना ते वेगळं सांगायला नको). पुढे बॅचलर्स म्हणजे साधारण १२० क्रेडिट (प्रत्येक कोर्स पुरा केल्यावर जमा होणारी एककं). आपल्याकडे अकरावीलाच सायन्स की कॉमर्स ठरतं. इथे बऱ्याच ठिकाणी मेजर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सांगितला तरी चालतो. तोवर इंग्रजी लेखन, थोडं गणित, एखादा समाजशास्त्राचा कोर्स. ही क्रेडिट खासगी कॉलेजच्या भावाने कशाला घ्यायची?

सर्वांत स्वस्त वाट तुमच्या गावातच आहे, मिडलसेक्स हे कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतली की राज्यव्यापी करारामुळे ती क्रेडिट न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठांत धरतात. प्रवेश आपोआप मिळत नाही, आणि इंजिनिअरिंगकडे कल असेल तर जपून: गणित-फिजिक्सची साखळी पहिल्या सेमिस्टरपासूनच लागते, चुकीचा कोर्स घेतला की वर्ष लांबतं. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्या मंडळींत नाकं मुरडतात, त्याकडे लक्ष देऊ नका.

तरी माझा कौल थेट रटगर्सला. पत्र हातात आहे, फी राज्यातल्या रहिवाशाची, न्यू ब्रन्सविकला घरून ये-जा जमते, म्हणजे राहण्या-जेवणाचा खर्च वाचला. एपीत (शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षांत) ४ किंवा ५ मिळाले असतील तर त्यांचीही क्रेडिट मागा. मुलीच्या नावावर पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत फेडरल कर्ज मिळतं, तेवढं घ्यायला हरकत नाही.

फ्लॅट घाईत विकू नका. अनिवासी विकतोय म्हटल्यावर खरेदीदार टीडीएस कापणार, नफा इथल्या रिटर्नमध्येही दाखवावा लागणार, आणि ते पैसे ऑगस्टच्या बिलाला पोचतील याचा भरवसा नाही.

प्रवेश पक्का करायच्या डिपॉझिटची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते. त्याआधी बॉस्टनच्या कॉलेजला आर्थिक मदतीचा फेरविचार करा म्हणून पत्र लिहा, रटगर्सचा आकडा सोबत जोडा. मदत वजा जाता खर्च त्याच्या आसपास आला, तर पुन्हा लिहा. मग हिशेब नव्याने मांडू.